बोटीची खिडकी का गळते?

घराच्या छताला ओल आली की आपण गवंड्याला बोलावतो. माझ्या जुन्या शिडाच्या बोटीत ओल दिसली, तेव्हा मी सिलिकॉनची नळी आणली आणि खिडकीच्या कडेला बाहेरून फासली. दोन पावसाळे हीच मलमपट्टी केली. तिसऱ्या वर्षी आतलं लाकडी अस्तर उघडलं आणि हादरलो. डोलकाठीला आधार देणाऱ्या तारा ज्या प्लायवूडच्या भिंतीला बोल्टने जखडलेल्या असतात, ती भिंत खिडकीखाली कुजली होती. स्क्रू-ड्रायव्हर टोचला, तर भिजलेल्या पुठ्ठ्यात शिरावा तसा आत गेला. जोराच्या वाऱ्यात डोलकाठीच कोसळली असती.

हे का होतं? 1970-80च्या दशकांतल्या फायबरग्लासच्या अनेक बोटींच्या खिडक्यांना काच नसते, ॲक्रिलिक असतं. उन्हात ते फायबरग्लासच्या साधारण तिप्पट प्रसरण पावतं. मीटरभर लांबीचं तावदान तापमान तीस अंशांनी वाढलं, की सुमारे दोन मिलिमीटर वाढतं आणि रात्री पुन्हा आकसतं. या रोजच्या ओढाताणीत मधलं जुनं, कडक झालेलं लुकण सुटतं. वरून फासलेलं सिलिकॉन आत शिरलेलं पाणी उलट कोंडून ठेवतं.

पाणी ठिबकतं तिथूनच शिरतं, असंही नाही. म्हणून एकाने आत कोरडी टाल्कम पावडर लावून बसावं, दुसऱ्याने बाहेरून पाण्याची नळी खालून हळूहळू वर न्यावी. पावडरीवर पहिला ओघळ कुठे उमटतो, ते पाहावं.

मग तावदान पूर्ण काढायचं. जुनं सिलिकॉन कणभरही उरलं, तर नवं काही नीट चिकटत नाही. मात्र ॲक्रिलिकला थिनर किंवा ॲसिटोन लावू नका, बारीक तडे जातात. साबणाचं पाणी पुरतं. केबिनच्या भिंतीतलं लाकूड ओलं असेल, तर कुजका भाग कोरून, वाळवून इपॉक्सी भरावं. तावदानातली भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी ठेवावीत, म्हणजे त्याला हलायला जागा मिळते. मध्ये मऊ, चिकट ब्युटिलची पट्टी द्यावी. स्क्रू एकदम आवळू नयेत. रोज थोडे थोडे फिरवावेत, म्हणजे पट्टी सगळीकडे सारखी दबते.

माझ्या खिडक्यांचं काम आठवड्यात झालं. भिंत बदलायला मात्र सुताराला दोन महिने लागले आणि खर्चही कित्येक पट आला. आता बोट किनाऱ्यावर ओढली, की झाकण्याआधी नळीची परीक्षा घेतो आणि अस्तराची एक फळी काढून भिंतीवर हात फिरवतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)