आजीच्या ओव्या आणि आकडे

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यात माझी आजी नाही. तिच्या ओव्या आमच्या संगणकावरच्या एका जुन्या प्रोग्रॅममध्येच वाजतात. फाइल बाहेर निघत नाही. पिंपळगाव बसवंतच्या घरी स्पीकरसमोर मोबाइल धरला, तर ओवीत कांद्याच्या ट्रॅक्टरचा हॉर्न!

संगणकात आवाज म्हणजे आकडेच. सीडीच्या दर्जात सेकंदाला ४४,१०० नमुने. ते हवेत सोडून पुन्हा पकडायचे कशाला? विंडोजवर ऑडॅसिटीत ‘वासापी’ आणि मग ‘लूपबॅक’ निवडले की आवाज आतल्या आत नोंदला जातो. दर मात्र सगळीकडे सारखा हवा, नाहीतर आकडे नव्याने मोजले जातात. एमपी३ तपशील गाळते, म्हणून फ्लॅक ठेवली. दोन ओव्यांमधला आजीचा श्वासही तीत आहे.