संगीत नट केशवराव भोसले

नुसत्या गोड गळ्यावर मोठा नट होत नाहीं, याची साक्ष केशवराव भोसले यांचें चरित्र देतें. त्यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजीं कोल्हापुरांत झाला. पितृछत्र बालपणींच हरपल्यामुळें ‘स्वदेशहितचिंतक’ नाटक मंडळी हीच त्यांची शाळा झाली. तेथें ‘शारदे’च्या भूमिकेनें त्यांचें नांव झालें.

१९०८ सालीं, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षीं, त्यांनीं हुबळीस ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी काढली. मंडळी चालविणें म्हणजे गाण्याबरोबरच नटांचें पोट, पडदे आणि प्रवास यांचा भार वाहणें. तो सांभाळून त्यांनीं वझेबुवांच्या चाली आत्मसात केल्या, आणि १९१६ सालीं हुंड्याच्या रूढीवर प्रहार करणारें वरेरकरांचें ‘हाच मुलाचा बाप’ रंगभूमीवर आणलें.

स्त्रीभूमिकांनीं गाजलेला हा नट ८ जुलै १९२१ रोजीं, टिळक स्वराज्य फंडासाठीं झालेल्या संयुक्त ‘मानापमाना’त, बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर म्हणून उभा राहिला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंतच, ४ ऑक्टोबरला, एकतिसाव्या वर्षीं त्यांचें निधन झालें. मंडळी मात्र बापूराव पेंढारकरांनीं पुढें चालविली. आवाज नटाबरोबर जातो. त्यानें घालून दिलेली शिस्त मागें राहते.