‘अ‍ॅग्रव्हेटिंग’ लिहिलं तर काय चुकलं?

‘द नॉइज इज अ‍ॅग्रव्हेटिंग.’ आवाजाने डोकं उठलंय, एवढंच सांगणारं वाक्य. पण इंग्रजीबद्दल काटेकोर असलेली मंडळी त्याखाली हटकून लाल रेघ ओढतात. त्यांच्या मते अ‍ॅग्रव्हेट म्हणजे आधीच बिघडलेलं आणखी बिघडवणं. ‘वैताग आणणारं’ हा अर्थ अलीकडे निष्काळजीपणाने घुसलेला.

अलीकडे म्हणजे कधी? रँडल कॉटग्रेव्हच्या फ्रेंच-इंग्रजी कोशात ‘चिडवणे’ हा अर्थ १६११ साली आहे. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या १९ वर्षं आधी! सॅम्युअल रिचर्डसनच्या ‘क्लॅरिसा’ या १७४८च्या कादंबरीतही तो सापडतो. ओरड सुरू झाली ती बऱ्याच नंतर, एकोणिसाव्या शतकात. जॉन स्टुअर्ट मिलसारख्या विचारवंतानेही या वापरावर नाक मुरडलं. १९२६मध्ये इंग्रजीच्या वापराचे नियम सांगणाऱ्या फाउलरने तोच सूर लावला आणि पुढे शैलीच्या पुस्तकांनी तो गिरवला.

मग लॅटिनचा दाखला पुढे येतो. मूळ शब्द ‘ग्रॅव्हिस’, म्हणजे जड; आपला ‘गुरू’ त्याच कुळातला, लघु-गुरूमधला. पण मुळालाच चिकटायचं, तर अ‍ॅग्रव्हेटचा अर्थ ‘वजन वाढवणे’ एवढाच उरेल, आणि तसा तो आज कुणीच वापरत नाही. ‘आणखी बिघडवणे’ हासुद्धा मुळापासून सरकलेलाच अर्थ. एक सरकलेला चालतो, दुसरा चालत नाही, हा कुठला न्याय?

राग-वैतागाच्या इतर इंग्रजी शब्दांबद्दलही असेच गैरसमज आहेत. ‘मॅड’ म्हणजे रागावलेला, ही अमेरिकी बोली नव्हे. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये तो अर्थ आहे. ‘नॉइसम’चा आवाजाशी संबंध नाही, तो ‘अनॉय’चा नातलग, अर्थ घाणेरडा, दुर्गंधीचा. ‘आयरेट’ आणि ‘इरिटेट’ सख्खे वाटतात, पण त्यांची लॅटिन मुळं वेगळी.

खरी चूक दुसरीकडेच होते. मराठीत सर्रास ‘मला इरिटेटिंग होतंय’ म्हणतात, ते खपून जातं. तेच इंग्रजीत ‘आय अ‍ॅम इरिटेटिंग’ झालं, की ‘मी इतरांना वैताग देतो’ असा उलटा अर्थ निघतो. तिथे ‘इरिटेटेड’च हवं.

कायद्यात ‘अ‍ॅग्रव्हेटेड’ म्हणजे अधिक गंभीर. पोक्सो कायद्यातही तो याच अर्थाने येतो. तिथे तो अर्थ काटेकोरपणे पाळावा. औपचारिक लेखनात वाद नको असेल, तर ‘इरिटेटिंग’ लिहावं. पण मुलाने निबंधात ‘अ‍ॅग्रव्हेटिंग’ लिहिलं म्हणून शिक्षकांनी कृपया गुण कापू नयेत.