संगणक द्यावा, माहिती नव्हे

जुना संगणक गरजू विद्यार्थ्यास देण्याची पद्धत आता आपल्याकडे चांगली रुजू लागली आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची नियमित सेवा थांबविली. त्यामुळे अनेक कार्यालयांतून व घरांतून चालू स्थितीतले संगणक बाजूला पडत आहेत. ते विद्यार्थ्यांच्या हाती गेले तर त्यांचे सार्थकच होईल. परंतु संगणकासोबत आपण आणखी काय देऊन टाकतो, याचा विचार फारसा होत नाही. आम्ही संगणकतज्ज्ञ नाही, बँकेतील कारकून आहोत. मात्र दुसऱ्याची कागदपत्रे जपणे आणि मुदत संपल्यावर ती रीतसर नष्ट करणे हे आमच्या रोजच्या कामातले आहे. त्या दृष्टीने चार गोष्टी येथे मांडत आहोत.

एखाद्या सामाजिक संस्थेच्या संगणकात काय काय असते ते पाहा. सभासदांचे पत्ते व फोन क्रमांक, शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत आलेली आधार कार्डे, जातीचे व उत्पन्नाचे दाखले, पासबुकाचे पहिले पान, वधू-वर मेळाव्यासाठी आलेली मुलामुलींची छायाचित्रे व जन्मतारखा. ही माहिती संस्थेच्या मालकीची नव्हे. लोकांनी ती विश्वासाने सोपविलेली असते. भलत्याच्या हाती पडल्यास तिच्या आधारे कोणाच्या नावे कर्ज मागितले जाऊ शकते, तर एखाद्या मुलीला फोनवरून त्रासही दिला जाऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणाचा हक्क हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. आपल्या सभासदाचा हा हक्क आपल्या निष्काळजीपणामुळे मोडू नये.

‘डिलीट’ केले म्हणजे पुसले नव्हे

पुष्कळांचा समज असा की फाईल डिलीट करून रिसायकल बिन रिकामी केली की काम झाले. पूर्वीच्या जाड लेजरचे उदाहरण घ्या. पुढच्या अनुक्रमणिकेतून खातेदाराचे नाव खोडले, तरी आत त्याच्या खात्याचे पान जसेच्या तसे असते. पाने चाळणाऱ्याला ते सापडतेच. संगणकही डिलीट करताना बहुधा फक्त अनुक्रमणिकेतील नोंद काढतो. मूळ मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत राहू शकतो, आणि तो परत मिळवून देणारे प्रोग्राम फुकट मिळतात. ‘क्विक फॉरमॅट’चीही तीच गत.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सिम्सन गार्फिंकेल व अभी शेलाट या दोन विद्यार्थ्यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क जमविल्या व त्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. चालू असलेल्या १२९ डिस्कपैकी केवळ १२ नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांत पत्रे, वैद्यकीय माहिती व पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक सापडले. एक डिस्क तर एटीएम यंत्रातली निघाली. मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. जुनी यंत्रे नीट न पुसता विकली गेल्याबद्दल मॉर्गन स्टॅनली या कंपनीच्या शाखेला अमेरिकेत २०२२ मध्ये साडेतीन कोटी डॉलर दंड भरावा लागला.

रीत कोणती?

पहिली पायरी नकलेची. हवे ते सर्व दुसऱ्या डिस्कवर घ्यावे व ते उघडते की नाही हे पाहावे. एकदा खरोखर पुसलेले परत येत नाही.

दुसरी पायरी खात्यांतून बाहेर पडण्याची. ई-मेल व ब्राउझर यांतून साइन आउट करावे. साठविलेले पासवर्ड काढावेत. व्हॉट्सॲप संगणकाला जोडलेले असल्यास फोनमधून ती जोडणी तोडावी. सीडी व पेन ड्राइव्ह आत राहिलेले नाहीत ना, तेही पाहावे.

तिसरी पायरी प्रत्यक्ष पुसण्याची. येथे डिस्कचा प्रकार महत्त्वाचा. जुन्या, फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवर संपूर्ण जागेत एकदा शून्ये लिहिली की पुरते. पस्तीस वेळा लिहावे लागते हा समज जुना झाला. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या प्रणालींत ‘क्विक’ ही खूण काढून केलेले पूर्ण फॉरमॅट हेच काम करते. एसएसडी डिस्कची गोष्ट वेगळी. तिच्या पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून ती मजकूर सतत जागा बदलून लिहिते. त्यामुळे वरून लिहिलेले सर्व जागी पोहोचेलच असे नाही. तिच्यासाठी उत्पादक कंपनीच्या प्रोग्राममधील ‘सिक्युअर इरेज’ ही आज्ञा वापरावी.

घरच्या संगणकासाठी विंडोज १० व ११ मध्येच सोय आहे. सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’त जाऊन ‘रिसेट धिस पीसी’ व नंतर ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडावे. येथे घाई करू नये. ‘चेंज सेटिंग्ज’ उघडून ‘क्लीन डेटा’ चालू करावे व सर्व ड्राइव्ह पुसण्याचा पर्याय घ्यावा. आपल्याकडे बहुतेकांच्या फाइली डी ड्राइव्हमध्ये असतात. हा पर्याय न घेतल्यास सी ड्राइव्ह पुसला जातो आणि डी ड्राइव्ह तसाच पुढे जातो. या कामाला काही तास लागू शकतात.

मात्र ही सोय घरगुती वापरापुरती असल्याचे मायक्रोसॉफ्टच सांगते. संस्थेच्या संगणकात अनेकांची कागदपत्रे असतील, तर डिस्क काढून ठेवून नवी बसवून देणे उत्तम. जुन्या चकतीच्या जागी लहानशी एसएसडी बसविल्यास विद्यार्थ्याला यंत्रही अधिक वेगवान मिळते. विंडोज ११ चालत नसेल तर उबुंटूसारखी मोफत प्रणाली टाकता येते.

डिस्क बंद पडली म्हणजे माहिती गेली, असेही नाही. अशी डिस्क काढून तिच्या चकत्या फोडाव्यात. एसएसडी असल्यास आतल्या चिपा फोडाव्यात. जाळू मात्र नये, विषारी धूर होतो. उरलेला भाग नोंदणीकृत ई-कचरा केंद्रास द्यावा.

नोंद ठेवावी

बँकेत जुने दप्तर नष्ट करताना यादी होते व सह्या होतात. संस्थांनीही एक वही ठेवावी. संगणक कोणता, डिस्क कोणत्या रीतीने पुसली, तारीख व दोघांच्या सह्या एवढे पुरे. संगणक शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घ्यावे. पुसल्यावर फाइली परत मिळविणारा प्रोग्राम चालवून काही सापडते का तेही तपासावे. वर्गात न मिळणारे शिक्षण त्यातून मिळेल.

दिलेल्या वस्तूचा घेणाऱ्याला उपयोग व्हावा आणि तिसऱ्या कोणाचे नुकसान होऊ नये, तरच ते देणे पूर्ण झाले असे आम्हास वाटते. शिष्यवृत्तीसाठी आपला दाखला विश्वासाने देणाऱ्या मुलाचे आपण एवढे देणे निश्चितच लागतो.