वाळुंजाच्या सालीत ॲस्पिरिन नसतं

‘वाळुंजाची साल उकळून प्या, ॲस्पिरिन म्हणजे तीच, शिवाय दुष्परिणाम शून्य!’ हा निरोप अधूनमधून मोबाइलवर फिरत येतोच. हृदयरोगीही तो पुढे पाठवतात, म्हणून एकदा स्पष्ट सांगतो: कुठल्याच विलोच्या सालीत ॲस्पिरिन नसतं. मग तो आपल्या ओढ्याकाठचा वाळुंज असो, की अलास्का ते उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दलदलीत वाढणारा झुडपी हूकर विलो.

सालीत असतं सॅलिसिन. शरीरात त्याचं सॅलिसिलिक आम्ल होतं आणि ताप, ठणका थोडा उतरतो. एडवर्ड स्टोन या इंग्लिश पाद्र्याने हिवतापाच्या सुमारे ५० रुग्णांना सालीची पूड दिली आणि १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला तसं कळवलं, हे खरंच आहे. पण पुढचा इतिहास निरोपात कधीच नसतो. १८७४ पासून सॅलिसिलिक आम्ल कारखान्यात फिनॉलपासून बनू लागलं आणि १८९७ मध्ये बायर कंपनीत त्याला ॲसिटिल गट जोडून आजचं ॲस्पिरिन तयार झालं.

हृदयरोग्याला हवा असतो नेमका हा जोडलेला गट. तो प्लेटलेटमधल्या एका विकराला चिकटतो आणि त्याला कायमचं निकामी करतो. त्या प्लेटलेटच्या उरलेल्या आयुष्यात, म्हणजे आठ-दहा दिवसांत, ते विकर पुन्हा काम करत नाही, म्हणून गुठळी सहज होत नाही. सालीत तो गट नाहीच, तर हे काम होणार कसं? २००१ मध्ये ‘प्लँटा मेडिका’त आलेल्या अभ्यासात रोज २४० मिलिग्रॅम सॅलिसिन देणारा सालीचा अर्क १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिनपुढे फारच फिका पडला.

‘दुष्परिणाम शून्य’ हेही खोटं. ज्यांना ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे, त्यांना सालीचाही त्रास होऊ शकतो. तापलेल्या लहान मुलांना तर ती देऊच नका.

बाकीचे समज झटपट. विलो फक्त थंड देशांत होतो? वाळुंज पांढुरक्या पाठीची पानं घेऊन आपल्याच नदीकाठी उभा आहे. बॅटी त्याच्या लाकडाच्या? नाही, त्या पांढऱ्या विलोच्या. त्याचा कापूस उडतो म्हणून शिंका? तो कापूस बियांचा, परागांचा नव्हे.

डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिलं असेल, तर काढ्यासाठी ते बंद करू नका. आणि काढा घेत असाल, तर पुढच्या तपासणीला तसं सांगा.