फील्डवर जाताय? आधी हातमोजे मागा!

२८ जानेवारी २०१७. चेन्नईजवळ एन्नोरच्या बंदराबाहेर पहाटे दोन जहाजं धडकली आणि दाट, काळं इंधन किनाऱ्याला लागलं. ते काढायला तटरक्षक दल, मच्छीमार यांच्यासोबत कॉलेजची मुलंही उतरली. अक्षरशः बादल्यांनी तेल उपसलं गेलं. कुणाच्या हातात मोजे होते, कुणाच्या नव्हते.

आपल्याकडे हे होणार नाही, असं समजू नका. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ यांची टक्कर होऊन असंच तेल सांडलं होतं. उद्या तुम्हीही स्वयंसेवक म्हणून किंवा प्रोजेक्टसाठी नमुने घ्यायला अशा जागी जाल. तेव्हा हे लक्षात असू द्या.

खरा धोका दिसणाऱ्या काळ्या तेलापुरता नसतो. पेट्रोल आणि कच्च्या तेलात बेन्झीन असतं. त्याने रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. ते झटकन उडतं, म्हणून गळती ताजी असताना श्वासाला धोका सर्वांत जास्त. वारा पाठीवर घेऊन उभे राहा. साधा कापडी मास्क किंवा एन-९५ धूळ अडवतो, वाफ नाही; त्यासाठी कार्ट्रिजचा मास्क लागतो.

‘वास येत नाही, म्हणजे सेफ’ हे तर विसराच. कच्च्या तेलासोबत येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त झाला, की नाकाची वास घेण्याची ताकदच मारतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचते. त्यामुळे टाकीशेजारी खणलेल्या खड्ड्यात वाकून बघायचं नाही, उतरायचं तर नाहीच. लायटर, सिगारेट लांबच.

हातात नायट्राइलचे मोजे घाला. फाटले की लगेच बदला. तेलकट हाताने वडापाव नको! अंगाला लागलेलं तेल रॉकेलने पुसू नका. गोडेतेल चोळा, मग साबणाने धुवा. बंद कपड्यांत उन्हाने चक्कर येते, तेव्हा जोडीनेच काम करा आणि सावलीत पाणी प्यायला थांबा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. निघण्यापूर्वी सरांना, मॅडमना किंवा संयोजकांना विचारा, “मोजे, मास्क कुठे आहेत?” उत्तर ‘चालतंय रे’ असं आलं, तर सरळ नाही म्हणा. त्यात घाबरटपणा नाही. किनारा पुन्हा साफ करता येईल, फुप्फुसं नाही.