हार्ड डिस्कवरील हरवलेली जागा
हार्ड डिस्कवरील हरवलेली जागा : संगणकाच्या हार्ड डिस्कची एकूण धारणशक्ती आणि वापरणाऱ्यास दिसणाऱ्या फाइली व शिल्लक जागा यांची बेरीज यांत आढळणारी तफावत. व्यवहारात हिला ‘हरवलेली’ जागा म्हणतात. तथापि ती बहुधा हरवलेली नसते. ती अन्य कोणत्या तरी खात्यावर मांडलेली असते. म्हणून तिचा शोध म्हणजे मुख्यतः हिशेब जुळविणे होय. तफावतीचे कारण न समजता घाईने फाइली पुसून टाकल्यास जागा अल्प मिळते आणि कार्यप्रणाली निकामी होण्याचा किंवा एकमेव प्रत असलेले कागदपत्र व छायाचित्रे गमावण्याचा धोका संभवतो.

तफावतीचा पहिला भाग केवळ मोजमापाचा असतो. उत्पादक गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज ही कार्यप्रणाली मात्र त्याच नावाने १,०७,३७,४१,८२४ बाइट (२ चा ३० वा घात) मोजते. त्यामुळे ५०० गिगाबाइटची नवी डिस्क विंडोजमध्ये सु. ४६५ गिगाबाइटची दिसते. ही संदिग्धता टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये द्विमान एककांना ‘गिबिबाइट’ इ. स्वतंत्र नावे दिली. ती सामान्य वापरात फारशी रुळली नाहीत. ॲपलच्या मॅक संगणकांनी २००९ पासून दशमान मोजणी स्वीकारली. अमेरिकेत या फरकावरून ग्राहकांनी उत्पादकांविरुद्ध दावे दाखल केले व त्यांत तडजोडीही झाल्या. ही जागा परत मिळविता येत नाही, कारण ती मुळात नव्हतीच.

दुसरे कारण फाइल-व्यवस्थेच्या रचनेत आहे. डिस्कवरील जागा बाइटागणिक न देता क्लस्टर या ठराविक आकाराच्या गटांत दिली जाते. फाइल लहान असली, तरी तिला निदान एक पूर्ण क्लस्टर लागतो. क्लस्टर ४,०९६ बाइटांचा असेल, तर सु. १,४०० बाइटांचे एक लहानसे मराठी पत्र तेवढीच जागा अडविते व तिचा दोन-तृतीयांश भाग रिकामा राहतो. एमएस-डॉसच्या काळातील फॅट-१६ या व्यवस्थेत क्लस्टरांची संख्या सु. ६५,५०० पर्यंत मर्यादित असल्याने २ गिगाबाइटच्या विभागात प्रत्येक क्लस्टर ३२ किलोबाइटांचा करावा लागे. प्रत्येक फाइलीमागे सरासरी अर्धा क्लस्टर वाया जातो असे धरले, तर १०,००० फाइलींमागे सु. १६ कोटी बाइट जात. १९९६ मध्ये आलेल्या फॅट-३२ ने हा अपव्यय पुष्कळ कमी केला.

खऱ्या अर्थाने हरविलेली जागा याच व्यवस्थेत आढळे. फाइल लिहिली जात असता वीज गेली, तर काही क्लस्टर ‘व्यापलेले’ अशी नोंद होई. पण ते कोणत्या फाइलीचे, हे निर्देशिकेत नसे. चेकडिस्क ही आज्ञा अशा बेवारस क्लस्टरांच्या साखळ्या शोधून त्यांना क्रमांकित फाइलींचे रूप देई. युनिक्सवर्गीय प्रणालींत असे अवशेष ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या निर्देशिकेत जमा होतात. बदलांची आगाऊ नोंदवही ठेवणाऱ्या आधुनिक व्यवस्थांत हा दोष क्वचितच उद्भवतो.

आज तफावतीचे मोठे कारण म्हणजे कार्यप्रणालीने स्वतःसाठी अडविलेली, पण सामान्यतः न दिसणारी जागा. विंडोजमध्ये मुख्य स्मृतीला पूरक अशी पानांची फाइल, संगणक शीतनिद्रेत जाताना स्मृतीची नक्कल ठेवणारी फाइल, पूर्वस्थितीवर परतण्यासाठी घेतलेल्या छायाप्रती आणि नवी आवृत्ती बसविल्यावर राहिलेली जुनी आवृत्ती यांचा त्यात समावेश होतो. छायाप्रतींचे फोल्डर वाचण्याची परवानगी सामान्य खात्यास नसते, त्यामुळे मोजणी करणारे साधन तेथे शून्य दाखविते. याउलट प्रणालीच्या घटकांच्या भांडारात एकाच फाइलीस अनेक नावे असतात व ती अनेकदा मोजली जाते. हे भांडार अवाढव्य दिसते म्हणून हाताने रिकामे करणे ही नेहमी आढळणारी व महागात पडणारी चूक होय.

युनिक्स व लिनक्स प्रणालींतील प्रकार अधिक उद्‌बोधक आहे. तेथे ‘डीएफ’ ही आज्ञा फाइल-व्यवस्थेच्या वाटपनोंदीवरून, तर ‘डीयू’ ही आज्ञा निर्देशिकांतून फिरून फाइलींची बेरीज करून जागा सांगते. एखादा कार्यक्रम वापरीत असलेली नोंदफाइल कोणी पुसली, तर तिचे नाव निर्देशिकेतून जाते. परंतु कार्यक्रमाने ती उघडी ठेवली असेपर्यंत तिची जागा सुटत नाही. उलट अशी फाइल वाढतही राहते. मग पहिली आज्ञा डिस्क भरली असे सांगते आणि दुसरी तसे सांगत नाही. अशा वेळी आणखी फाइली पुसणे व्यर्थ असते. ‘एलएसओएफ’ या साधनाने तो कार्यक्रम हुडकून पुन्हा सुरू केल्यास जागा तत्काळ मोकळी होते. लिनक्सच्या एक्स्ट-४ व्यवस्थेत सर्वसाधारणपणे ५ टक्के जागा प्रशासकासाठी राखून ठेवतात. ४ टेराबाइटच्या डिस्कवर ही राखीव जागा २०० गिगाबाइट होते. केवळ साठ्यासाठी असलेल्या डिस्कवर ती कमी करण्यास हरकत नसते.

जागा कोणी व्यापली हे यादीवरून ध्यानी येणे कठीण असते. १९९० मध्ये मेरिलंड विद्यापीठातील बेन श्नायडरमन यांच्यापुढे हाच प्रश्न होता : त्यांच्या प्रयोगशाळेतील ८० मेगाबाइटची डिस्क १४ जण वापरीत व ती सतत भरे. त्यातून त्यांनी आयतांत आयते बसवून प्रत्येक फाइलीचे आकारमान क्षेत्रफळाने दाखविणारी ‘ट्रीमॅप’ ही आकृती योजिली. विनडरस्टॅट यांसारखी साधने तिच्यावरच आधारलेली आहेत. विसरलेली चित्रफीत किंवा जुनी राखीव प्रत अशा आकृतीत एका दृष्टिक्षेपात उठून दिसते.

पुनःप्राप्तीत क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. डिस्कमधून खरखर येत असेल किंवा वाचनात चुका होत असतील, तर दुरुस्तीची आज्ञा देण्यापूर्वी हे अपरिहार्यच असते. नंतर कचरापेटी व तात्पुरत्या फाइली रिकाम्या कराव्यात. शीतनिद्रेची फाइल, छायाप्रती व जुनी आवृत्ती यांची जागा कार्यप्रणालीच्याच साधनांनी सोडवावी. वैयक्तिक फाइली सर्वांत शेवटी, पाहून पुसाव्यात. फिरत्या चुंबकीय डिस्कवर पुसलेला मजकूर त्यावर नवे लेखन होईपर्यंत टिकून राहतो आणि पुष्कळदा परत मिळतो. घनस्थिती डिस्कवर मात्र कार्यप्रणाली मोकळ्या झालेल्या गटांची सूचना डिस्कला देते व ती ते गट स्वतःच पुसून टाकते. त्यानंतर तो मजकूर सहसा कोणत्याही साधनाने मिळत नाही.